दहा फुटांवरचा स्वयंपाक

माझ्या आईने सव्वीस वर्षं डबे केले. मानपाड्याला, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी आमची चाळीतली दोन खोल्यांची जागा होती. तिथून रोज साठ-पासष्ट डबे कारखान्यांत जायचे. बाबा मी सातवीत असताना गेले. त्यानंतर आई, मी आणि रॉकेलचे दोन स्टोव्ह एवढंच आमचं घर. त्या स्टोव्हच्या भरभर आवाजात मी दहावीचा अभ्यास केला. पुढे गॅस आला, पण भाकऱ्या मात्र ती मागच्या पडवीत चुलीवरच भाजायची. गॅसवरची भाकरी कामगारांना चालत नाही, म्हणायची. कामगारांना चालली असती. तिला चालत नव्हती.

मी पाइपिंगची ड्रॉइंग काढायला शिकलो, नोकरी लागली, लग्न झालं, आणि आम्ही मानपाड्यातच चौथ्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट घेतला. आईने डबे बंद केले. तेव्हापासून तिचा खोकला आमच्या घरात घड्याळासारखा वाजत राहिला. आम्ही त्याला धुराचा खोकला म्हणायचो आणि सोडून द्यायचो. मग तिला जिने जमेनासे झाले. मग बाजार. मग अंघोळीनंतर केस पुसणं. शेवटी बोलणंसुद्धा. माझी आई म्हणजे बोलणारी बाई. पण गेल्या हिवाळ्यात ती दोन शब्द बोलून थांबायची, आणि उरलेलं वाक्य हाताने करून दाखवायची.

थंडीत तिला आठ दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की इतक्या वर्षांच्या धुराने फुप्फुसं झिजली आहेत, ती पूर्वीसारखी होणार नाहीत, पण घरी ऑक्सिजन लावला तर ती चांगली जगेल. दोन लिटरवर, दिवसातले निदान सोळा तास.

"म्हणजे मी आता मशीनवर," आई म्हणाली.

"चष्मा लावता तसं समजा," डॉक्टर म्हणाले.

मशीन घेऊन एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. पूर्वी नर्स होत्या, आता घरोघरी ऑक्सिजनची यंत्रं बसवायचं काम करायच्या. त्यांनी आधी मशीनकडे बघितलंच नाही. घर बघितलं. पडदे, पलंग, प्लगचे बोर्ड, मूर्तीची फळी, स्वयंपाकघर. मग मशीन पलंगाजवळ, भिंतीपासून आणि पडद्यापासून हातभर लांब ठेवलं, थेट भिंतीतल्या प्लगला जोडलं, आणि बाटलीत उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत भरलं. मशीन सुरू केल्यावर बाटलीत बुडबुडे उठले. त्यांनी पारदर्शक नळी आईच्या कानांवरून घेऊन नाकात बसवली.

"कसं वाटतंय, आजी?"

"आजी मी अजून कुणाचीच झालेली नाही," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे आणि माझ्या बायकोकडे बघितलं. "ताई म्हण."

त्या हसल्या. मग आईच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि सगळं तिलाच सांगितलं, आम्हाला नाही. ते मला फार आवडलं.

"ताई, ऑक्सिजन स्वतः पेटत नाही. पण तो जिथे जास्त असतो तिथे दुसरं काहीही भसकन पेटतं. तुमची साडी, केस, उशी ह्यांच्यात तो मुरतो. म्हणून काडी, मेणबत्ती, अगरबत्ती, गॅस, डासांची कॉइल, सगळं तुमच्यापासून दहा फूट लांब. बिडी-सिगारेट घरातच नाही. कोणी कितीही मोठा पाहुणा असो."

"आमच्याकडे कोणी ओढत नाही."

"छान. आता उशीखाली काय आहे ते दाखवा."

आईच्या उशीखाली बामची बाटली आणि व्हॅसलीनची डबी होती. नाक कोरडं पडतं म्हणून हॉस्पिटलमध्येच कोणीतरी तिला व्हॅसलीन लावायला सांगितलेलं. बाईंनी दोन्ही वस्तू उचलून माझ्या हातात दिल्या. तेलकट चिकट काहीही नाकाजवळ, नळीजवळ नको, त्याने भाजू शकतं, असं सांगितलं, आणि पाण्याच्या जेलची एक ट्यूब दिली. वीज गेली तर म्हणून एक मोठा सिलिंडर कोपऱ्यात उभा केला आणि भिंतीतल्या हुकाला साखळीने बांधला. निघताना दारावर एक पाटी चिकटवली, 'ऑक्सिजन चालू आहे, आग नको'. आणि मशीनच्या बटणावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे दोनवर आहे. हे कमी-जास्त करायचं तर डॉक्टरांना विचारून. मलाही नाही विचारायचं."

पहिल्या तासातच आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावरचा आकडा ब्याऐंशीवरून त्र्याण्णववर गेला. तिच्या ओठांचा निळसरपणा उतरला. संध्याकाळी तिने एक पूर्ण भाकरी खाल्ली, आणि खाता खाता माझ्या बायकोला शेजारच्या इमारतीतल्या एका लग्नाची हकीकत सांगितली. पूर्ण. न थांबता. मी ताट तसंच धरून ऐकत राहिलो. वर्षभर घरात न आलेला आवाज परत आला होता. बायको मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली, आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

मूर्तीचा प्रश्न आईनेच सोडवला. आमच्याकडे संध्याकाळी बुद्धवंदना होते, मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते, आणि मूर्तीची फळी आईच्या पलंगाच्या डोक्याशी होती. मला वाटलं ती ऐकणार नाही. ती म्हणाली, "मूर्ती पलीकडच्या खोलीत ने. मी इथून म्हणते, माझा आवाज जाईल तिथपर्यंत." आणि गेला.

पण सगळं असं सरळ झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सकाळी उठेनाच. डोकं दुखतंय म्हणाली, बोलता बोलता झोप यायला लागली. मी मशीन बघितलं तर काटा चारवर. तळमजल्यावरच्या एका बाईंनी तिला सांगितलं होतं की दोनने बरं वाटतं तर चारने दुप्पट बरं वाटेल. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच दोनवर आणा आणि तिला घेऊन या. तपासून झाल्यावर त्यांनी आईला समजावलं की तिच्या आजारात जास्त ऑक्सिजनने श्वासच मंदावतो, आणि शरीरातली वाईट हवा आत साठते.

"म्हणजे मिठासारखं," आई म्हणाली. "कमी पडलं तर चव नाही, जास्त झालं तर अख्खं पातेलं फुकट."

"अगदी तसंच."

त्यानंतर ते बटण कोणी हलवलं नाही. तळमजल्यावरच्या बाईंना आईने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्या पुढचे पंधरा दिवस फाटकाशी भेटल्या तरी माझ्याशी बोलल्या नाहीत.

मोठं भांडण झालं ते स्वयंपाकघरावरून. माझी बायको नवी मुंबईत नोकरीला. सकाळी सातलाच बस पकडते. मी घरून काम करतो. म्हणजे दुपारचा स्वयंपाक माझ्यावर आला, आणि मला चहा आणि अंडं ह्यांपलीकडे काही येत नव्हतं. एक दिवस मी वांग्याचं कालवण चढवून मीटिंगला बसलो. हेडफोन कानात. मान वळवली तर नळी पलंगावरून जमिनीवर, जमिनीवरून स्वयंपाकघरात गेलेली. आई गॅससमोर उभी, नाकात नळी, हातात डाव, आणि खाली निळी ज्योत.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. हात धरून तिला बाहेर आणलं. मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

"करपत होतं," ती म्हणाली.

"करपू दे."

"तुला वास येत नाही का?"

"आई, तू पेटली असतीस."

ती पलंगावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून राहिली. जेवली नाही. बायको संध्याकाळी आली तरी तिच्याशीही बोलली नाही. मी माझ्या खोलीत बसून विचार करत राहिलो की सव्वीस वर्षं ज्या बाईने विस्तवासमोर काढली, तिला आपण सांगतोय की विस्तवाकडे जाऊ नकोस. मग तिच्याकडे राहिलं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. तिच्या हातात शिवणकामाची टेप होती.

"दहा फूट म्हणजे कुठपर्यंत, मोज."

मी शेगडीपासून मोजायला लागलो. टेप पाचच फुटांची, म्हणून दोनदा लावावी लागली. दहा फूट संपले ते बरोबर हॉलच्या मध्यावर. तिथे मी पिवळी चिकटपट्टी लावली, कारखान्यात जमिनीवर असते तशी. आई पट्टीच्या अलीकडे खुर्ची टाकून बसली आणि स्वयंपाकघरात बघितलं.

"शेगडी दिसत नाही."

शेगडी दाराच्या आड होती. तिने खुर्ची डावी-उजवीकडे सरकवून बघितली. मग म्हणाली, "माझ्या लग्नातला आरसा कुठे आहे?"

आरसा माळ्यावर होता. तो काढून पुसला आणि तिच्या सांगण्याप्रमाणे स्वयंपाकघराच्या समोरच्या भिंतीवर टांगला. जरा डावीकडे, जरा वर, जरा झुकता. शेवटी तिने हात वर केला. आरशात शेगडी, कढई आणि माझा चेहरा, तिन्ही दिसत होती.

"हां. आता कांदा चीर. बारीक. तुला वाटतो त्याच्या निम्मा."

असा मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्वयंपाक शिकलो. आईचं नाक नळीत अडकलेलं, त्यामुळे वास तिला नीट यायचा नाही. ती कानांनी शिकवायची. मोहरी टाकली की म्हणायची, "थांब, अजून बोलत नाहीये." कांदा परतताना आवाज बदलला की, "झाला. आता मसाला." भात शिजताना झाकणाचा आवाज ऐकून आच कमी करायला सांगायची. मी मीटिंगमध्ये असलो तर टाळी वाजवायची. माझ्या ऑफिसातल्या लोकांना ती टाळी ओळखीची झाली. कोणीतरी विचारायचं, "काय, आज भाजी काय?"

भाकरीने मात्र मला रडवलं. पहिली तुटली, दुसरी फाटली, तिसरी फुगलीच नाही. आई पट्टीच्या पलीकडून परातीत थापून दाखवायची, मी इकडे थापायचो. पीठ तिच्याकडे, विस्तव माझ्याकडे. पंधराव्या दिवशी एक भाकरी टम्म फुगली. मी ती चिमट्यात धरून हॉलमध्ये आणली. आईने ती उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाली, "डब्यात घालायला हरकत नाही." मी ते वाक्य बायकोला, ऑफिसात आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं.

घरात ती खुशीत होती. घराबाहेर मात्र पाऊल टाकायला तयार नव्हती. त्याचं कारण नळी. "बैलाला वेसण असते तशी दिसते," म्हणायची. बेल वाजली की ती नळी काढून घाईघाईने उशीवर टाकायची आणि पदर सारखा करून बसायची. मशीन तसंच सुरू. बायकोने एकदा तिला शांतपणे सांगितलं, "आई, काढायची तर आधी मशीन बंद करा. नाहीतर सगळा ऑक्सिजन तुमच्या उशीत जातोय, आणि तुम्ही परत तिथेच डोकं ठेवता." तेव्हापासून ती मशीन बंद करायला लागली, पण लपवणं चालूच राहिलं. पाहुणा अर्धा तास बसला की तिचे ओठ निळे पडायला लागायचे. मी पाहुण्यांना हाकलायला शिकलो.

माझी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, कोपरीला राहते. तिला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. तिच्या मुलांनी इमारतीच्या गच्चीवर जेवण ठरवलं, चाळीसेक माणसांचं. मावशीने फोन केला.

"मटण तुझ्या हातचं पाहिजे."

"माझा हात आता ह्याच्याकडे दिलाय," आई म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

"मग त्याला घेऊन ये. पण तू पाहिजेस."

"तिथे सगळे बघतील गं."

"काय बघतील?"

"नाकातली नळी."

मग मावशी म्हणाली, "माझे सगळे दात खोटे आहेत. मी पंचाहत्तर वर्षांची म्हातारी, खोटे दात दाखवून हसणार आहे. तू नळी घालून ये. दोघी बसू."

आईने फोन ठेवला आणि मला विचारलं, "लहान सिलिंडर किती तास चालतो?"

दोन लिटरवर साधारण तीन तास, असं मशीनवाल्या बाईंनी सांगितलं. आम्ही दोन लहान सिलिंडर घेतले आणि घरचं मशीनही बरोबर न्यायचं ठरवलं. मावशीच्या मुलाला मी आधीच फोन करून सगळं विचारून घेतलं. गच्चीवर प्लग कुठे आहे, भट्टी कुठे लागणार, वारा कुठून येतो. तो म्हणाला, "अरे, तू लग्न ठरवतोयस की जेवण?"

सकाळी आठला गाडी आली. बायकोला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. मशीन मागे उभं ठेवून पट्ट्याने बांधलं, सिलिंडर आईच्या पायाशी सीटला बांधले, खिडकी चार बोटं उघडी ठेवली. आईने सुती साडी नेसली होती. कल्याण-शीळ रस्त्यावर ती बाहेर बघत होती. तीन महिन्यांनी घराबाहेर पडली होती. नवीन इमारती, मेट्रोचे खांब, एका कारखान्याचं जुनं गेट. "ह्या गेटवर माझे अकरा डबे जायचे," ती म्हणाली.

शीळफाट्याला गाडी थांबली. पुढे ट्रेलर बंद पडला होता. अर्धा तास झाला, मग पाऊण तास. ड्रायव्हरने सवयीने खिशातून सिगारेट काढली. मी काही बोलायच्या आत आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, ती खिशात ठेव. ह्या सिलिंडरजवळ पेटवलीस तर आपण तिघंही कोपरीला पोचणार नाही."

त्याने सिगारेट ठेवली आणि घाबरून लायटरसुद्धा खाली उतरून डिकीत ठेवायला निघाला. आईने त्याला वेलची दिली. दीड तास होत आला तेव्हा मी सिलिंडरचा काटा बघितला. अर्ध्याच्या खाली. दुसरा होता, तरी मनात नको ते हिशेब सुरू झाले.

"घाबरू नको," आई म्हणाली. "दुसरा आहे, तिथे मशीन आहे, आणि मी बसून आहे. बसल्याला हवा कमी लागते. तू हात पुसून ठेव, बदलायची वेळ आली तर तेलकट नकोत."

ट्रेलर हलला. मुंब्रा बायपासवर वारा आला, आणि आम्ही पावणेअकराला कोपरीत पोचलो. पहिल्या सिलिंडरमध्ये थोडासा अजून शिल्लक होता.

मावशी इमारतीच्या खाली खुर्ची टाकून बसली होती. आई नळीसकट गाडीतून उतरली. मावशी पुढे झाली, आईच्या गालावरची नळी बोटाने सरळ केली, आणि म्हणाली, "बरी दिसतेस. दागिन्यासारखी."

गच्चीवर भट्टी एका टोकाला, आईची खुर्ची दुसऱ्या टोकाला, वारा तिच्याकडून भट्टीकडे जाईल अशी. मशीन जिन्याच्या खोलीतल्या प्लगला. मधलं अंतर मी पावलांनी मोजलं, सोळा फूट निघालं. इथे आरसा नव्हता, पण गच्ची उघडी होती, तिला सगळं दिसत होतं. सहा किलो, एवढं मटण मी कधी बघितलंही नव्हतं.

"खोबरं आधी," ती म्हणाली. आवाज लांबपर्यंत जात होता. "काळं नको, बदामी. हां. आता कांदा. सगळा टाक, घाबरतोस काय."

बायका भोवती जमल्या. काही माझ्याकडे, काही आईकडे बघत होत्या. आई हाताने आच वर-खाली करायची, मी तसं करायचो. मटण चढलं, झाकण पडलं, आणि मी भिंतीला टेकून श्वास घेतला.

तेव्हा मावशीची एक शेजारीण आईजवळ येऊन बसली. कोळी समाजातली, साठीची. तिचा नवरा खाडीत होडी चालवायचा. ती आईच्या नळीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाय, हे मशीन आमच्याकडेपण आहे."

"कोणाला?"

"ह्यांना. कपाटात ठेवलंय. लोक येतील म्हणून लावत नाहीत. दार बंद करून थोडा वेळ लावतात, ते पण कपाटाच्या आतच ठेवून."

आईने खुर्ची तिच्याकडे वळवली. "कपाटातून आधी काढ. मशीनला मोकळी हवा लागते, नाहीतर तापतं. आणि त्या खोलीत दिवा लावतेस?"

"देव्हारा तिथेच आहे."

"मग देव्हारा किंवा मशीन, एक काहीतरी आजच हलव. दहा फूट." आणि मग तिने सगळं सांगितलं. व्हॅसलीन, बाम, पाण्याची बाटली, मशीनची दर आठवड्याला धुवायची जाळी, नळी पायात येऊ नये म्हणून कशी गुंडाळायची ते. मिठाचं सुद्धा सांगितलं. मी सोळा फुटांवरून ऐकत होतो. नर्सबाईंनी आईला जसं सांगितलं होतं तसंच, फक्त आईच्या भाषेत. शेवटी म्हणाली, "त्यांना वर घेऊन ये. सांग, इथे एक बाई नळी घालून मटण करवून घेतेय."

जेवायच्या वेळी ते आले. उंच, खांदे अजून रुंद, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोनदा थांबले. नळी नव्हती. आईने आपल्या शेजारची खुर्ची त्यांना दिली. ते बोलायला लागले तर वाक्य मध्येच तुटायचं. आईला ते तुटणं माहीत होतं. ती वाट बघायची.

"मना लाज वाटते," ते शेवटी म्हणाले. "आख्खी खाडी... वल्हवलेला माणूस मी."

"मी रोज पासष्ट माणसं जेवू घातली," आई म्हणाली. "मला नाही वाटली असेल का? पण नळी काढली की मी अर्धीच उरते, आणि घातली की पूर्ण बोलते. मला पूर्ण बोलायला आवडतं."

ते हसले, हसता हसता खोकले. आईने मला खूण केली. आमचा दुसरा सिलिंडर भरलेला होता, पण मी तो त्यांना लावणार नव्हतो, आणि आईलाही ते ठाऊक होतं. त्यांचं किती लिटर ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलं. तिची खूण दुसऱ्या कामाची होती. मी आणि मावशीचा मुलगा त्यांच्या घरी गेलो, मशीन कपाटातून काढून गच्चीवर आणलं, त्यांच्या बायकोने चिठ्ठी बघून काटा लावला, आणि त्यांनी सगळ्यांसमोर नळी घातली. कोणी फारसं बघितलं नाही. सगळ्यांचं लक्ष मटणात होतं.

मटण कसं झालं, ते मी सांगत नाही. मावशीने तीनदा रस्सा घेतला आणि खोटे दात बाजूला काढून ठेवून हाड चोखलं. आई पूर्ण दुपार बोलत होती.

त्या दिवसानंतर आईने बेल वाजली की नळी काढणं सोडलं. रोज सकाळी अकराला कोपरीहून त्या होडीवाल्या काकांचा फोन येतो. "आज किती?" ते विचारतात. आई बोटावरचा आकडा सांगते, तेही सांगतात. मग खाडीत आज काय मासळी आली, आमच्याकडे काय शिजतंय, असं अर्धा तास चालतं. त्यांच्या बायकोने देव्हारा हलवला नाही, नवऱ्याला हलवलं. त्यांची खाट आता खिडकीच्या खोलीत आहे, तिथून त्यांना पाणी दिसतं.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या दिवशी आम्ही सगळे ठाण्यात तलावाकाठी भेटलो. आई, मावशी, ते दोघं, माझी बायको आणि मी. आई आणि ते एका बाकावर बसले, पायाशी एकेक सिलिंडर. येणारे-जाणारे बघत होते. दोघांनाही त्याचं काही नव्हतं. पलीकडे मक्याची कणसं भाजणारी एक बाई बसली होती, शेगडीत लाल निखारे. आईने मान वर करून अंतर बघितलं आणि म्हणाली, "आम्ही इथेच. तू जा, आण. निखाऱ्यावर फिरवून भाजायला सांग, एका बाजूला करपवू देऊ नको."

मी सहा कणसं आणली. आईने दाणे दाताने सोलून खाल्ले, एकही न सांडता. कोपरीचे काका दोन घास खाऊन थांबले, श्वास घेतला, आणि म्हणाले, "पोरा, लिंबू कमी आहे." मी पुन्हा त्या बाईकडे गेलो.